ओळखीचा शब्द

अनोळखी शब्द माणसाला सहसा फसवत नाही. तो कानावर पडला की आपण थांबतो आणि विचारतो, “म्हणजे काय?” फसवतो तो ओळखीचा शब्द. तो ऐकला की वाटतं, कळलं. आणि कळलं असं वाटलं की विचारणं संपतं. माणसामाणसांतले कितीतरी गैरसमज या ‘कळलं’पासूनच सुरू होतात.

हे समजून घ्यायला चाकूरइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. लातूरहून नांदेडच्या रस्त्याला लागून आष्टामोड मागे टाकला की चाकूर येतं. याच तालुक्यात लातूर रोड जंक्शन आहे. तिथून एक रूळ लातूरकडे जातो, दुसरा परळीकडे आणि तिसरा उदगीरकडे. हा तिसरा रूळ धरला की उदगीरनंतर भालकी, बीदर हा कानडी मुलूख लागतो आणि पुढे गाडी तेलंगणातल्या विकाराबादला पोचते. दिवस मावळायच्या आत, डबाही न बदलता, माणूस तीन भाषांमधून जातो. शेजारी बसलेल्यांचं बोलणं हळूहळू बदलत जातं. त्यातले बरेच शब्द मात्र ओळखीचेच वाटत राहतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

या भागाचा इतिहासही तसाच मिसळीचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा मुलूख होता. कचेरीत उर्दू, घराघरांत मराठी, कानडी, तेलुगू. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके तर १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुढे नकाशावर रेघ ओढली गेली, तालुके इकडचे तिकडे झाले. सोयरिकी, बाजारहाट आणि शब्द मात्र ती रेघ ओलांडून येत-जात राहिले. शब्द असे येत-जात राहिले की पुष्कळदा रूप तेच ठेवतात आणि अर्थ बदलतात.

मार्गशीर्षातली अमावास्या आठवा. त्या दिवशी लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात, सगळं घरदार शेतात असतं. ज्वारी-हरभऱ्याच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारलेली असते. आत चुन्याने रंगवलेले दगडाचे पाच पांडव, त्यांच्यापुढे भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात गार आंबील. ओळख असो नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि जेवायला बसवायचं, ही रीत. या सणाला आपण वेळा अमावस्या म्हणतो, बोलीत येळवस. मराठी कानाला त्यात ‘वेळ’ ऐकू येते. तिकडे बीदर-कलबुर्गीचे शेतकरीही याच दिवशी हाच सण शेतात करतात. त्यांच्याकडे त्याचं नाव ‘एळ्ळ अमावास्ये’, आणि कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. उच्चार जवळजवळ सारखाच. एकाच्या कानाला त्यात वेळ ऐकू येते, दुसऱ्याच्या कानाला तीळ. पूजा मात्र दोघंही काळ्या आईचीच करतात. नावावरून कुणी भांडत बसत नाही, कारण दोघांनी एकमेकांच्या शेतात मांडी घालून आंबील प्यायलेली असते.

चाकूर तालुक्यातलंच वडवळ नागनाथ घ्या. तिथलं संजीवनी बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. लक्ष्मणासाठी हनुमान डोंगर घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. बाहेरून येणारा माणूस ‘बेट’ म्हटल्यावर पाणी शोधू लागतो. इथे भोवती पाणी नाही, टेकडी आहे. मराठीत बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन, आणि दाट माजलेलं झाडांचं बनही. बांबूचं बेट आपण म्हणतोच. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. बंगळुरूजवळचं नंदी बेट्ट किंवा म्हैसूरचं चामुंडी बेट्ट पुष्कळांनी पाहिलेलं असतं. वडवळच्या टेकडीवर दाट झाडोराही आहे आणि उंचीही आहे. नाही ते फक्त पाणी. बेट म्हणजे पाणी हा एकच अर्थ मनात धरून जो येईल, त्याला हे ठिकाण समोर असूनही सापडणार नाही.

मोंढ्यात असा प्रसंग रोज घडतो. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रक येऊन लागतो आणि मुकादम हाक देतो, “गाडी खाली करा!” उर्दू-हिंदीत खाली म्हणजे रिकामं. कन्नड-तेलुगूतही तेच. मराठीत खाली म्हणजे वर नव्हे ते. एक हमाल समजतो, गाडी रिकामी करायची आहे. दुसरा समजतो, पोती खाली उतरवायची आहेत. दोघांच्याही पाठीवरून पोतं एकाच थप्पीला जाऊन लागतं. काम डोळ्यांसमोर असलं की अर्थातला फरक आपोआप मिटतो. अडचण येते ती बोलणं हाताने दाखवता न येणाऱ्या गोष्टींचं असतं तेव्हा. घराचं, मनाचं, जगण्याचं.

‘संसार’ या शब्दाचंच बघा. संस्कृतात त्याच्या मुळाशी फिरणं आहे, जन्ममरणाचा फेरा आहे. हिंदीत त्याचा अर्थ झाला जग. सारा संसार म्हणजे सगळी दुनिया. मराठीत तो झाला घर. आपण संसार मांडतो, थाटतो, संसाराला हातभार लावतो. पुरात कुणाचा ‘संसार वाहून गेला’ म्हणतो, तेव्हा गेलेली असतात चार भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धान्याची कणगी. कन्नड आणि तेलुगूतही संसार म्हणजे कुटुंबच. आणखी खाली केरळात उतरलं की मलयाळममध्ये ‘संसारम्’ म्हणजे बोलणं, संभाषण. एकाच शब्दाने निघालो आणि जन्ममरणाचा फेरा, जग, घर आणि बोलणं अशा चार ठिकाणी पोचलो.

आता ‘प्रपंच’ घ्या. मराठीत प्रपंच म्हणजे पुन्हा घरसंसारच. पैठणच्या एकनाथांनी प्रपंचात राहून परमार्थ केला, असं आपण आजही आदराने सांगतो. कानडी मुलखात पाऊल टाकलं की प्रपंच म्हणजे जग. तेलुगूत तर जागतिक बँकेच्या नावात प्रपंच आहे आणि क्रिकेटच्या विश्वचषकाच्या नावातही प्रपंचच आहे. हिंदीत मात्र हाच शब्द उठाठेव, बनाव, कपट अशा अर्थांनी वापरतात. म्हणजे जो शब्द आपल्याकडे एखादी बाई अभिमानाने उच्चारते, “वीस वर्षं प्रपंच केला”, तोच शब्द उत्तरेत एखाद्यावर आरोप म्हणून वापरला जातो.

हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. उत्तरेने जग पाहिलं ते संसारात. आपल्या कानडी आणि तेलुगू शेजाऱ्यांनी जग पाहिलं ते प्रपंचात. मराठीने हे दोन्ही शब्द उंबऱ्याच्या आत घेतले. मराठी माणसाला जग लहान वाटलं म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. ज्या जगाच्या मोहातून सुटायचं असं शास्त्रं सांगत होती, ते जग आपल्या लेकराबाळांत आणि चुलीपाशीच आहे, हे आपल्या संतांनी ओळखलं होतं. नामदेव असोत, तुकोबा असोत, जनाबाई असो, त्यांनी देवाला घरकामात ओढून आणलं. शब्दही मग त्याच घरात राहायला आले, असं मला मनापासून वाटतं.

शब्दांचा असा प्रवास प्रत्येक वेळी सुखाचा असतो असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर पेन्सिलीवर बसलेली दोन मुलं आणि ‘सर्व शिक्षा अभियान’ ही अक्षरं आपण वर्षानुवर्षं पाहिली. योजना केंद्राची होती, नाव हिंदीतून आलेलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. संस्कृतातही शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राच्या वेदांगाला शिक्षा असंच नाव आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, आणि या बाबतीत कन्नड आणि तेलुगू आपल्याच बाजूला आहेत. नवीन वाचायला शिकलेलं दुसरीतलं पोर ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचायचं, तेव्हा त्याला काय वाटत असेल? शाळेच्या दारातच ‘सर्व शिक्षा’.

हा अर्थ कसा बदलला असेल, हे आपल्याच बोलण्यात दिसतं. आपण म्हणतो, “त्याला चांगला धडा शिकवला.” शिकवणं आणि दंड देणं एकमेकांच्या इतकी जवळ गेली की मुळातला एकच धागा दोन टोकांना गेला. एका टोकाला शिक्षण आणि शिक्षक, दुसऱ्या टोकाला शिक्षा. चाकूरहून तसंच पुढे नांदेडला गेलं तर याच परिवारातला आणखी एक शब्द भेटतो. जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या नगरीत ‘शीख’ म्हणजे शिष्य, शिकणारा. त्या शब्दात छडी नाही, दंड नाही. शिकणारा असणं ही तिथे माणसाची ओळख आहे, आणि ती अभिमानाची ओळख आहे. शाळेच्या भिंतीवरचा शब्द वाचून दबकणाऱ्या लेकराला कुणीतरी जवळ घेऊन सांगायला हवं की या शब्दाचा एक अर्थ हाही आहे.

जे आपल्या भाषांत घडतं तेच युरोपातही घडतं. ‘गिफ्ट’ हा शब्द आता खेड्यातल्या वाढदिवसालाही पोचला आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ भेटवस्तू. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकायला जाणाऱ्या मुलांना एक दिवस कळतं की जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. स्वीडिशमध्ये हीच अक्षरं ‘यिफ्ट’ अशी उच्चारतात, आणि त्यांचा एक अर्थ विष, तर दुसरा अर्थ विवाहित. जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणजे मुलीबरोबर दिलेला हुंडा. या सगळ्यांच्या मुळाशी एकच क्रिया आहे: देणं. भेट देतात. लग्नात मुलगी देतात. आपणही ‘मुलगी दिली’ म्हणतोच, कन्यादान म्हणतोच. औषधाची मात्रा देतात, तसं विषही देतात. ग्रीक भाषेत ‘डोसिस’ म्हणजे देणं, त्यातूनच आपल्या डॉक्टरांचा ‘डोस’ आला. एकाच ‘देण्या’तून प्रेम, लग्न, हुंडा आणि मरण इतक्या वाटा फुटल्या. ज्या मुलखात आजही मुलीच्या लग्नापायी बापाची जमीन जाते, तिथे या शब्दाकडे नुसती गंमत म्हणून बघता येत नाही. काय दिलं जातं आहे, कोणाकडून, कोणाला आणि कशाच्या दबावाने, हे पाहिल्याशिवाय कुठल्याच देण्याचा अर्थ लागत नाही.

मग प्रश्न येतो, यातला खरा अर्थ कोणाचा? इथे आपल्या मनाची एक खोड उघडी पडते. शेजाऱ्याने आपला शब्द वेगळ्या अर्थाने वापरला की आपण म्हणतो, त्यांनी तो बिघडवला. जुना अर्थ मोडला. पण आपणही तेच केलं आहे. बाणभट्टाने सातव्या शतकात एक संस्कृत कथा लिहायला घेतली. ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने पुरी केली. कथेचं नाव नायिकेच्या नावावरून ‘कादंबरी’. त्या एका मुलीचं नाव मराठीने आणि कन्नडने सगळ्याच दीर्घ कथांना देऊन टाकलं. हिंदीत त्याच साहित्यप्रकाराला उपन्यास म्हणतात, आणि कन्नड-तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान. बीदरच्या महाविद्यालयात ‘उपन्यासक’ म्हटलं की कादंबरीकार नव्हे, वर्गात शिकवणारे प्राध्यापक समोर येतात. यात चुकलं कोण? कुणीच नाही. प्रत्येक समाजाने हाताशी असलेल्या शब्दाकडून आपल्या गरजेचं काम करून घेतलं. शब्दाचं मूळ संस्कृतात सापडलं म्हणून त्याची मालकी संस्कृताकडे राहत नाही, आणि तो आपल्या तोंडात बसला म्हणून आपल्याकडेही येत नाही. तो जिथे ज्या अर्थाने जगतो, तिथे त्याचा तोच अर्थ खरा.

‘अवकाश’ हा शब्द मला या सगळ्यांत फार आवडतो. हिंदीत तो रजा देतो. मराठीत तो मोकळी जागा देतो, सवड देतो आणि ग्रहताऱ्यांची पोकळीही देतो. कन्नड-तेलुगूत तो संधी देतो. शेजाऱ्याने आपला शब्द वेगळ्या अर्थाने वापरला तेव्हा त्याला हाच अवकाश द्यावा, सगळ्या अर्थांनी.

आता हा विचार घराच्या आत नेऊ. भाषा वेगळ्या असल्या तरच अर्थ वेगळे होतात असं कुठे आहे? एका घरात, एकाच मराठीत बोलणाऱ्या दोन माणसांच्या तोंडी एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात. बाप म्हणतो, “बघू.” त्याच्या मनात असतं की यंदा पैसा हाताशी नाही. लेकरू ऐकतं की मिळणार. सासरी गेलेली मुलगी फोनवर म्हणते, “सगळं ठीक आहे.” आई ते ऐकून फोन ठेवते. त्या ‘ठीक’चा अर्थ त्या घरात काय आहे, हे आईने विचारलेलं नसतं.

आपल्या मराठवाड्यातला सगळ्यांत ओळखीचा शब्द मला वाटतो ‘चाललंय’. पारावर, टपरीवर, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत. “काय मामा, कसं चाललंय?” “चाललंय बाबा.” २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या दिवसांतही या प्रश्नाला हेच उत्तर मिळतं. पीक चांगलं आलं तरी चाललंय, भाव पडला तरी चाललंय, सावकाराचा तगादा लागला तरी चाललंय. एकाच शब्दात सुखही मावतं आणि सोसणंही. ऐकणाऱ्याने तो ओळखीचा म्हणून मान हलवून सोडून दिला, की बोलणाऱ्याचा त्या दिवशीचा अर्थ कुणापर्यंत पोचतच नाही. कितीतरी घरांत, होऊ नये ते होऊन गेल्यावर, माणसं म्हणतात, “परवाच भेटला होता, बरं चाललंय म्हणाला.” तो बोलला होता. शब्द कानावर पडलाही होता. विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

सरहद्दीवरच्या जुन्या माणसांची एक सवय यासाठी घेण्यासारखी आहे. उदगीर, देगलूर, धर्माबादच्या बाजारात दोन भाषांची माणसं व्यवहार करतात, तेव्हा भाव ठरला तरी एकदा खुंटा हलवून बळकट करतात. “म्हणजे एवढे, असंच ना?” शब्द ओळखीचा असला तरी विचारतात, उलट ओळखीचा असला म्हणून जास्तच विचारतात. त्यात समोरच्यावर अविश्वास नसतो. आपल्या कानावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, एवढीच ती शिस्त असते. जी माणसं शंभर रुपयांच्या व्यवहारात ही काळजी घेतात, त्यांनी ती जिवाभावाच्या बोलण्यात घ्यायला काय हरकत आहे?

आज दिवसभरात एखाद्याने आपल्याशी अगदी ओळखीचा शब्द उच्चारला, तर एकदा थांबून पाहावं. ‘बघू’, ‘ठीक आहे’, ‘चाललंय’, ‘काही नाही’. तिथे ‘कळलं’ म्हणून पुढे जाऊ नये. बाजूला बसावं आणि विचारावं, “म्हणजे कसं चाललंय? सांग ना.” या प्रश्नाला पैसा लागत नाही, विद्वत्ता लागत नाही, दुसरी भाषाही लागत नाही. समोरचा बोलायला लागेपर्यंत थांबायची तयारी लागते. तेवढी आपल्यापाशी नक्की आहे.